नावं ठेवणाऱ्या बिल्कीसभाभी

धामणगाव रेल्वेला नूर फोटो स्टुडिओत जायचं तर बोलणी खायच्या तयारीनंच जावं लागतं. मी गावातल्या एका शाळेत शिक्षक आहे. मुलांच्या ओळखपत्रांचं काम नूरकडेच असतं, त्यामुळे चौदा वर्षं दर जूनमध्ये मी ती खात आलो आहे.

"सर, हे फोटो व्हॉट्सॲपवरून घेतले ना तुमी? मंग तोंडं अशीच भुरकट दिसतीन. किती डाव सांगतलं, फोटो म्हणून धाडू नोका, डॉक्युमेंट म्हणून धाडा. हे पोरगी आहे का भितीवरची ओल आहे, मले समजून नाही राहिलं."

हे बोलणाऱ्या बिल्कीसभाभी. वय अठ्ठेचाळीस, माहेर अकोल्याचं, शिक्षण दहावी आणि त्यावर कॉम्प्युटरचा एक कोर्स. स्टुडिओ त्यांचे शोहर कुर्बानभाई यांनी काढलेला. कुर्बानभाई गोड माणूस. "हनुवटी जराशी खाली, काका, हां, बस," असं म्हणत फोटो काढायचे आणि गिऱ्हाईक खुश होऊन बाहेर पडायचं. पडद्यामागे कॉम्प्युटरवर भाभी बसायच्या, आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते तिथे कळायचं.

कोणी म्हणालं, फोन भरला, फोटो निघून नाही राहिले, तर भाभी फोन हातात घेऊन त्याच्यासमोरच उघडायच्या. "हे पाय. रोज सकाळची फुलं दोन हजार. स्क्रीनशॉट चारशे. एकाच गाईचे एकोणीस फोटो. तुह्या मायचा एक. आन तू काय पुसून राहिला, त मायचा." कोणी पेन ड्राइव्ह दाखवून म्हणालं, यात सगळं आहे, काळजी नाही, तर त्यालाही ऐकावं लागायचं. "पेन ड्राइव्ह म्हणजे तिजोरी नोहे, पिशवी आहे. पिशवी बसमध्ये राह्यते." एका वकिलाला मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा पाहिला आहे. त्यानं लग्नाच्या फोटोंची कॉपी केली होती, पण ती चार वर्षांत एकदाही उघडून पाहिली नव्हती, आणि आता ती उघडत नव्हती. "उघडून पाह्यली नाही थे कॉपी नोहेच," भाभी म्हणाल्या, "थो तुमचा भरम आहे."

गावात त्यांना नावं ठेवणारी बाई म्हणत. ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. लोकांना तर त्या नावं ठेवतच, पण स्टुडिओत निघालेल्या प्रत्येक फोटोलाही त्या नाव ठेवत. कॅमेरा फोटोला नुसता नंबर देतो. भाभी तो पुसून तारीख, माणसाचं नाव, गाव आणि फोटो कशासाठी काढला ते लिहायच्या. वर्षाचा एक फोल्डर, त्यात महिन्याचा, त्यात दिवसाचा. सोबत कागदाचं एक रजिस्टर, त्यात त्या दिवशी कोण कोण आलं ते आलेल्या क्रमानं. दोन हजार सहापासून एक दिवस चुकला नव्हता.

या कामाची खरी किंमत गावाला फक्त एका वेळी कळायची. घरात कोणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी नूरमध्ये यायचं. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो घरी नसतो. असतो तो पासबुकावरचा, नाहीतर रेशन कार्डावरचा. त्याची मूळ फाइल नूरमध्ये असायची. भाभी गाव विचारायच्या, अंदाजे साल विचारायच्या आणि पाच मिनिटांत माणूस पडद्यावर आणायच्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर लोक चिठ्ठीवर नावं लिहून देत होते. त्या दोन महिन्यांत भाभी कोणाला एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

गेल्याच्या गेल्या थंडीत कुर्बानभाई गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि अमरावतीला नेईपर्यंत संपलं. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, त्याला इद्दत म्हणतात. भाभी घरात राहिल्या. दुकान कुर्बानभाईंचा धाकटा भाऊ अजहर बघू लागला. अजहर वाईट माणूस नाही. तो आधी मोबाईलची कव्हरं विकायचा, हाताला चपळ आहे. दुकानात आल्यावर त्यानं भिंतीला नवा रंग दिला, लग्नाच्या रील करून द्यायला सुरुवात केली. त्याच दिवसांत काउंटरवरून एक लेन्स चोरीला गेली, म्हणून त्यानं दारावर सीसीटीव्ही कॅमेरा बसवला.

इद्दत संपल्यावर मे महिन्यात भाभी दुकानात आल्या. तो त्यांचा दुसरा की तिसरा दिवस होता. मी दाखल्यांसाठी लागणारे काही फोटो आणायला गेलो होतो. बाकावर अंजनसिंगीची माणिकबाई आपल्या दिरासोबत बसली होती. तिचा नवरा देवमन चार दिवसांपूर्वी गेला होता. देवमन म्हणजे भजनात खंजिरी वाजवणारा माणूस, पंचक्रोशीत नाव होतं. आदल्या वर्षी मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवाला जाण्याआधी भजनी मंडळाची ओळखपत्रं झाली, तेव्हा त्यानं नूरमध्ये फोटो काढला होता. तेरवीला तो मोठा करून ठेवायचा होता.

"आहे ना, देवमनभाऊ आले होते ऑक्टोबरमदी," भाभी म्हणाल्या. "पिवळी टोपी होती. बसा, देतो काढून."

त्या पडद्यामागे गेल्या. माउसचा आवाज येत राहिला. मग थांबला. मग परत आला. मग कॉम्प्युटरचा डबा सरकवल्याचा आवाज आला.

"अजहर," त्या आतूनच म्हणाल्या, "ह्याच्यातली दुसरी डिस्क कुठी आहे?"

"कोणती दुसरी?"

"फोटोवाली."

अजहरनं काउंटरखाली बघितलं. तिथे सीसीटीव्हीचा काळा डबा होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. "थे मी ह्याच्यात लावली, भाभी. डबा घेतला त त्याच्यात डिस्क नोती. लावणारा म्हने, जुनी एखादी असन त द्या. कॉम्प्युटरमदी दोन होत्या. एक काढली तरी चालू राह्यला, म्हणून..."

"आन आतले फोटो?"

"थे त क्लाउडमदी असतीन ना?"

भाभी बाहेर आल्या. "कोणाच्या क्लाउडमदी? तुह्या बापानं घेऊन ठेवला होता क्लाउड?"

अजहरचा बाप म्हणजे त्यांचाच सासरा. पण तेव्हा हसायचं कोणाला सुचलं नाही. भाभी खाली वाकल्या आणि डब्याची वायर भिंतीतून खसकन ओढली. हिरवा दिवा विझला.

"भाभी, तसं नोका काढू, खराब होईन!"

"आणखी काय खराब व्हायचं राह्यलं? किती दिवस झाले लावून?"

"वीस-बावीस."

"दिवसरात्र चालू?"

"कॅमेरा आहे, चालूच राहीन."

"लावतानी त्यानं काही इचारलं होतं का? फॉरमॅट करू का म्हणून?"

अजहरनं डब्याची वायर गुंडाळायला घेतली.

"इचारलं होतं ना? आन तू हो म्हणला." भाभींचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "बावीस दिवस तू ह्या रिकाम्या काउंटरचा सिनेमा काढून राहिला. कशावर काढून राहिला माहीत आहे? गावातल्या माणसाइच्या तोंडावर. एकेक तोंड पुसून त्याच्या जागी हे काउंटरची फळी."

"मले काय माहीत, भाभी? भाईचे जुने फोटो होते. जुन्या फोटोले कोण पाह्यते? आन होते त भाईचे होते, तुमी काहून एवढ्या..."

हे त्यानं बोलायला नको होतं.

"फोटो भाईनं काढले. बटन दाबाचं काम एका सेकंदाचं. त्याले नाव कोणं देलं? गाव कोणं लिहिलं? अठरा वर्ष ह्या पडद्यामागे कोण बसलं होतं? बाहेर पाटीवर भाईचं नाव, गिऱ्हाइकाच्या तोंडात भाईचं नाव, आन आता डिस्क बी भाईची. मले कोणी इचारलं? घर चारशे पावलावर आहे. एक फोन नाही केला तू. भाभी, हे काढू का? एवढे चार शब्द."

माणिकबाई बाकावरून उठून काउंटरपाशी आली. तिला डिस्क, डबा काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, "मंग माह्या माणसाचा फोटो भेटन का नाही भेटन?"

भाभींनी तिच्याकडे पाहिलं. "आज नाही भेटत, बाई," त्या म्हणाल्या. "तेरवीपर्यंत भेटन का नाही, सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डिस्क घेऊन अकोल्याला निघाल्या. मोहल्ल्यातले दोन वडीलधारे आदल्या संध्याकाळी घरी येऊन गेले होते. वस्तू होती, गेली, दीर आहे तुमचा, घरात भांडण कशाला, असं त्यांचं म्हणणं. भाभींनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या अब्बांचा फोटो भितीवर आहे ना? थो कुठून आणला होता?" ते चहा पिऊन गेले.

गाडीत त्यांनी डिस्क एका लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर धरली होती. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. बडनेऱ्यापर्यंत राग अजहरवर होता. मूर्तिजापूर येईपर्यंत तो कुर्बानभाईंवर गेला. "किती वर्षं म्हणत होती मी, दुसरी डिस्क घ्या, एक दुकानात, एक घराबाहेर. तर म्हणत, घेऊ, घेऊ, मी आहो ना. मी आहो ना म्हणणारा माणूस चहा पितानी गेला. मेलेल्या माणसावर राग काढाले बी जागा नसते, सर." आणि अकोल्याच्या स्टेशनवर उतरताना तो राग फिरून त्यांच्या स्वतःवर आला होता. गावभर सगळ्यांना दोन कॉपी ठेवा म्हणून झापणाऱ्या बाईकडे स्वतःची एकच होती.

बहीण सबीहाच्या ओळखीनं टिळक रोडच्या एका बोळीत सागर नावाचा तरुण बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून द्यायचं काम करतो असं कळलं होतं. त्यानं डिस्क हातात घेतली आणि विचारलं, "सोबत कोणी आलं नाही का? म्हणजे, कोणाला समजून सांगू?"

"मले सांग," भाभी म्हणाल्या. "दोन टीबीची आहे. नऊशे जीबी भरली होती. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमदी लावून फॉरमॅट झाली, बावीस दिवस वर लिहिल्या गेलं. काल दुपारी बंद केली, त्याच्यानंतर लावली नाही कुठी. आता तू आधी हिची जशीच्या तशी नक्कल काढ आन काम त्या नकलेवर कर. हिच्यावर काही लिहू नोको."

सागरनं खुर्ची पुढे केली. पुढचं बोलणं त्यानं "मॅडम" म्हणत केलं. चारशेच्या वर जीबीवर सीसीटीव्हीचं चित्रण बसलं होतं, आणि ते डिस्कच्या सुरुवातीपासून बसत गेलं होतं. त्याखालचं परत येणार नव्हतं. उरलेलं येईल, पण फोल्डर मोडलेले असतील आणि फाइलींची नावं गेलेली असतील. निघताना तो म्हणाला, "मॅडम, यापुढे बॅकअप ठेवत जा, बरं का."

"माहीत होतं मले," भाभी म्हणाल्या. "माहीत असून नाही केलं, त्याचाच त राग आहे."

नऊ दिवस लागणार होते, सोळा लागले. अंजनसिंगीला देवमनची तेरवी फोटोशिवाय झाली. पाटावर त्याची खंजिरी ठेवली आणि तिलाच हार घातला. फोटो मिळाला तेव्हा भाभींनी तो मोठा करून, फ्रेम करून, रिक्षानं स्वतः नेऊन दिला. पिवळी टोपी, बारीक डोळे, तोंड जरा उघडं, जणू पुढची ओळ आठवतो आहे. माणिकबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "तेरवीले काहून नाही आणला? सारे जण आले होते तवा."

भाभी तशाच परत आल्या.

सागरनं एकसष्ट हजार फोटो काढून दिले होते. एकालाही नाव नव्हतं. नुसते आठ आकडी नंबर, मागचे पुढे, पुढचे मागे, एकेक तीन तीन वेळा. पहिल्या दिवशी भाभी ती रांग वरून खाली सरकवत राहिल्या आणि मग उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी रजिस्टरं घेऊन आल्या.

त्यांची युक्ती अशी. फाइलीचं नाव गेलं तरी फोटो कधी काढला ती तारीख आणि वेळ कॅमेऱ्यानं फोटोच्या आत लिहिलेली असते. तर आधी सगळे फोटो त्या वेळेच्या क्रमानं लावायचे. मग दुहेरी-तिहेरी काढायचे, पण लगेच पुसायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. मग ज्या त्या तारखेचं रजिस्टर उघडायचं. रजिस्टरात माणसं आलेल्या क्रमानं होती, फोटोही काढलेल्या क्रमानं होते. पहिल्या नावाला पहिला चेहरा.

रजिस्टर वाचायला त्यांनी अजहरला बसवलं. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. उन्हाळ्याची काहिली, कूलरचं पाणी संपलेलं, आणि अजहर मोठ्यानं वाचतो आहे. "सीमा, जुना धामणगाव, बँक. गोपाल, मंगरूळ, लायसन." भाभी चेहरा बघून नाव टाकत. मधे तो एखादं नाव गाळायचा. भाभींच्या ताबडतोब लक्षात यायचं, कारण लुगड्यातली म्हातारी "शिवम" कशी असेल?

"डोळे उघडून वाच. तुले पुसाले बावीस दिवस लागले, मले लिवाले अठरा वर्ष लागले."

दहाव्या-बाराव्या दिवशी अजहर वाचता वाचता थांबला. पडद्यावर त्याचाच फोटो आला होता, दहावीच्या फॉर्मचा असावा तसा कोवळा, केसाला तेल. "भाभी," तो म्हणाला, "माफ करा. मले खरंच नोतं माहीत एवढं आहे म्हणून."

"माहीत नोतं, हे मले माहीत आहे," भाभी म्हणाल्या. "इचारलं नाही, त्याचा राग आहे. पुढचं वाच."

दोन हजार एकोणीसचे सात महिने अडले. त्या वर्षी कॅमेऱ्याची आतली बॅटरी गेली होती आणि दर वेळी चालू केला की तारीख एक जानेवारी दोन हजार पंधरावर जायची. कुर्बानभाईंनी ती लावायचा कंटाळा केला. "पाय, सर, पाय," भाभींनी मला दुकानात ओढून दाखवलं, "सात महिने गावातला प्रत्येक माणूस एकाच दिवशी जन्माले आल्यावानी एक जानेवारीले फोटो काढून राह्यला. अन मी रोज म्हणत होती, तारीख लावा, तारीख लावा." त्या गुंत्यात माझा थोडा उपयोग झाला. त्यात आमच्या शाळेची दोनशे मुलं होती आणि माझ्याकडे हजेरीपट होता. कोणत्या दिवशी कोणता वर्ग नेला तेही माझ्या डायरीत होतं. मुलं ओळखली की मधली माणसं आपोआप जागेवर बसत गेली. निळा पडदा असेल तर पावसाळ्याआधीचा, पांढरा असेल तर नंतरचा, हे भाभींना पाठ होतं.

दोन हजार सहा ते तेराच्या मेपर्यंतच्या जुन्या डीव्हीडी घरी ट्रंकेत निघाल्या. अडतीसपैकी तेहेतीस वाचल्या गेल्या. पण तेरा सालच्या जूनपासून सोळाच्या मार्चपर्यंत काहीच नव्हतं. तेव्हा डीव्हीडीचा रायटर बिघडला होता, नंतर फोटो थेट मोठ्या डिस्कवर गेले होते, आणि डिस्कचा नेमका तोच भाग सीसीटीव्हीखाली गेला होता. पावणेतीन वर्षं.

ते नक्की झालं त्या दिवशी भाभींनी एका मोठ्या कागदावर लिहून काचेवर आतून चिकटवलं. "जून २०१३ ते मार्च २०१६ या काळातले फोटो आमच्या चुकीनं कायमचे गेले आहेत. कोणाकडे त्या वेळची कॉपी असेल तर आणून द्यावी. आम्ही मोफत साफ करून जपून ठेवू. – बिल्कीस कुर्बान."

अजहर घाबरला. "भाभी, हे वाचून कोणी येईन का आपल्याकडे? नाव खराब होईन दुकानाचं."

"नाव खराब झालंच आहे. लोकाइले आज माहीत नाही, एवढंच. ज्या दिवशी घरातलं कोणी जाईन त्या दिवशी माहीत होईन. त्या दिवशी माहीत होण्यापरीस आज झालेलं बरं."

लोक आले. काहींनी खरंच जुने प्रिंट आणले, पाकिटातून काढलेले, घामानं पिवळे पडलेले. काही भांडायला आले. भाभी प्रत्येक वेळी अजहरला आतून बाहेर बोलवायच्या आणि दोघं काउंटरपाशी उभं राहून ऐकून घ्यायचे. शिव्यासुद्धा.

त्यात एक दिवस खुशालराव आले. त्यांची मुलगी आरती पंधरा साली तापानं गेली, नववीत होती. ती आमच्याच शाळेत होती, म्हणून त्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेलो. नूरमध्ये तिचा स्कॉलरशिपच्या फॉर्मचा फोटो काढला होता. घरातला प्रिंट भिंतीच्या ओलीनं खराब झाला, पण खुशालराव निश्चिंत होते, नूरमध्ये आहे म्हणून.

"तुमच्या भरवशावर होतो आमी," ते म्हणाले. "मी मागेच नेला असता. तुमीच म्हणाल्या होत्या, काका, काही काळजी नोका करू, इथं आहे."

"म्हणली होती," भाभी म्हणाल्या.

"मंग?"

"चूक झाली, काका."

"चूक म्हणजे काय? आता दुसरी पोरगी कुठून आणू फोटो काढाले?" त्यांचा हात काउंटरवर आपटला. अजहरनं मान खाली घातली. भाभींनी घातली नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "शाळेचा ग्रुप फोटो असन का, काका? चौदा सालचा?"

तो शाळेत होता, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटावर. मी तो आणून दिला. तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचवी आरती, चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. भाभींनी तो मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन केला, मोठा केला. दोन वेण्या, कपाळ, नाक कुठे आहे ते कळत होतं. त्यापुढे नुसते ठिपकेच ठिपके. चार दिवस त्या त्यावर बसल्या आणि फारसं काही झालं नाही.

मग अजहरला वाटलं आपण काहीतरी करावं. त्यानं फोनमधल्या एका ॲपमध्ये तो चेहरा टाकला, आणि मिनिटभरात स्वच्छ, टवटवीत, मोत्यासारखे दात असलेली मुलगी बाहेर आली. त्यानं त्याचाही प्रिंट काढला आणि खुशालराव आले तेव्हा दोन्ही समोर ठेवले. खुशालरावांचा हात आपोआप त्या स्वच्छ फोटोकडे गेला.

"हे बरी दिसून राह्यली," ते म्हणाले.

भाभींनी फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला. "बरी दिसते, पण हे आरती नोहे, काका. मशीननं बनवलेली पोरगी आहे. हिले कोणी पाह्यलं नाही कधी."

"माही पोरगी मले नाही समजत का? द्या इकडे."

"मी नाही देणार. ह्या दुकानातून ज्याच्या नावानं फोटो जाईन, थो त्याचाच असन. एकदा हा भितीवर लागला की दहा वर्षांनी तुमाले हेच तोंड आठवन, तिचं नाही आठवन."

"तुमी आमचा फोटो घालवला, आन आता दुसरा बी देत नाही?"

"नाही देत."

मी काही बोलायला गेलो तर खुशालरावांनी हातानंच थांबवलं. मग त्यांनी धूसर फोटोचं पाकीट उचललं, माझ्याकडेही न बघता पायऱ्या उतरले आणि गेले. त्यानंतर ते नूरमध्ये आलेले नाहीत. भाभींनी बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या बापाचा हात कुठल्या फोटोकडे गेला होता ते मी पाहिलं आहे, आणि भाभींचं म्हणणंही मला खोटं वाटत नाही.

त्यांनी तो बनवलेला प्रिंट चार तुकडे करून टाकला, अजहरच्या फोनमधूनही पुसायला लावला. मग धूसर फाइलीला नाव दिलं, "आरती खुशालराव, नववी, शाळेचा ग्रुप, अस्पष्ट." ती नव्या दोन डिस्कवर घेतली, दोन्हीकडे उघडून पाहिली. एक डिस्क दर महिन्याला सबीहाकडे अकोल्याला जाते. अजहर ती नेतो. काचेवरचा कागद अजून तिथेच आहे, उन्हानं त्याची शाई उडत चालली म्हणून भाभींनी मागच्या आठवड्यात तो नव्यानं लिहिला.